वीस हातांतलं एकच कार्ड

अमेरिकन बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड ज्यांच्याकडे आहे, ते लोक ते सहसा घरात ठेवत नाहीत. खेळायच्या पत्त्यापेक्षा जरासा मोठा पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर रंग चढवलेला रॉबिन्सनचा फोटो, खाली चौकटीत नाव आणि छापील सही, एवढाच ऐवज. पण बऱ्या अवस्थेतल्या प्रतीच्या पैशात चांगली मोटार येते, आणि अगदी कोरी राहिलेली असली तर मी राहतो त्या न्यू जर्सीत घरसुद्धा.

२०२० च्या फेब्रुवारीत टॉप्सने हे कार्ड आणि त्याच्या तोलामोलाची आणखी १९ कार्डं २० कलाकारांपुढे ठेवली आणि सांगितलं, तुमच्या पद्धतीने पुन्हा करा. प्रत्येकाने वीसच्या वीस करायची, म्हणजे एकूण ४०० नवी कार्डं. उपक्रमाचं नाव ‘प्रोजेक्ट २०२०’. कलाकारही ठरावीक साच्यातले नव्हते. लॉस एंजेलिसचा जवाहिऱ्या बेन बॉलर होता. टॅटूसाठी प्रसिद्ध असलेला मिस्टर कार्टून होता. मिकेलर या डॅनिश बिअरच्या लेबलांवरची चित्रं काढणारा कीथ शोर, न्यूयॉर्कची चित्रकार सोफिया चँग, खेळाडूंची भडक रंगांतली पॉप-आर्ट पोर्ट्रेट करणारा ब्लेक जेमिसन असे बाकीचे.

जुनी कार्डं जमवणाऱ्या मंडळींनी नाक मुरडलं. माझं नाकही त्यांच्यात होतं. खेळाडूचं खरं कार्ड असताना त्याची ही रंगीबेरंगी नक्कल कशाला, तीही २० डॉलर देऊन? पुढच्या काही वर्षांत यातल्याच बऱ्याच लोकांनी ही कार्डं हळूहळू घ्यायला सुरुवात केली. हा बदल का झाला ते समजून घ्यायचं तर आधी नाक मुरडण्यामागचं कारण समजून घ्यायला हवं, कारण ते कारण खोटं नव्हतं.

दुर्मीळ कोण करतं?

बेसबॉलची कार्डं सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटातून यायची. पाकीट दबू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठा असायचा, त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा तोच ब्रँड घेईल, हा साधा हिशेब. होनस वॅग्नर या खेळाडूचं जे प्रसिद्ध कार्ड आहे ते १९०९ ते १९११ च्या काळातलं, सिगारेटबरोबरचंच. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि गिऱ्हाईक झाली मुलं. टॉप्स ही ब्रुकलिनची कंपनी १९३८ साली सुरू झाली ती च्युइंगमसाठी. कार्ड हे गम खपवायचं साधन होतं.

१९५२ चा संच साय बर्जर या टॉप्सच्या कर्मचाऱ्याने वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. एकूण ४०७ कार्डं. ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि शेवटचा टप्पा यायला इतका उशीर झाला की तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. माल परत आला आणि गोदामात पडून राहिला. १९६० साली बर्जरने तो बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवला. ही हकीकत तो स्वतःच सांगत असे. रॉबिन्सनचं ३१२ क्रमांकाचं कार्ड याच शेवटच्या टप्प्यातलं. त्याच्या आधीचं, ३११ क्रमांकाचं, मिकी मँटलचं. त्याची एक प्रत २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

जुन्या संग्राहकाचा जीव नेमका यात अडकलेला असतो. ही कार्डं दुर्मीळ व्हावीत असं कुणी ठरवलं नव्हतं. मुलांनी ती सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, रबरबँड लावून दप्तरात कोंबली, आयांनी घर आवरताना फेकली, कंपनीने समुद्रात ढकलली. या सगळ्यातून जे वाचलं ते वाचलं.

मग १९८० चं दशक आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की जुन्या कार्डांना पैसे मिळतात. प्रत्येकाने नवी कार्डं जपून ठेवायला सुरुवात केली आणि कंपन्यांनी ती अक्षरशः ढिगाने छापली. प्रत्येक जण जपतोय म्हटल्यावर दुर्मीळ काय होणार? त्या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात, कारण पाकिटं मेणाच्या कागदाची असायची आणि आतला माल पुढे कवडीमोल झाला. आजही अमेरिकेत घरोघरी गराजमध्ये त्या काळातली खोकी पडून आहेत.

यावर कंपन्यांनी उपाय काढला तो दुर्मीळपणा कारखान्यातच तयार करण्याचा. कार्डावर क्रमांक टाकायचा, ‘१०० पैकी १७’ असा. कुठे खेळाडूची खरी सही, कुठे त्याच्या शर्टाचा चिंधीएवढा तुकडा. तेव्हापासून जुन्या संग्राहकाला एक सवय लागली आहे: कंपनी स्वतःच ‘हे मर्यादित आहे’ म्हणाली की खिशावर हात ठेवायचा. प्रोजेक्ट २०२० ची जाहिरात आली तेव्हा तो हात आपोआप खिशाकडे गेला.

अठ्ठेचाळीस तासांचा बाजार

या कार्डांची विक्री कशी व्हायची ते नीट बघण्यासारखं आहे. २०१६ पासून टॉप्स ‘टॉप्स नाऊ’ नावाची कार्डं विकत होती. काल रात्री एखाद्याने मोठा पराक्रम केला की आज त्याचं कार्ड वेबसाइटवर, २४ तासांसाठी. त्या वेळात जितक्या ऑर्डर येतील तितक्याच प्रती छापायच्या आणि नंतर आकडा जाहीर करायचा. प्रोजेक्ट २०२० मध्ये हीच पद्धत, फक्त खिडकी ४८ तासांची. रोज दोन नवी कार्डं. किंमत २० डॉलरला एक सेंट कमी. दोन दिवसांनी विक्री बंद, मग छापलेल्या प्रतींचा आकडा बाहेर. या आकड्याला ‘प्रिंट रन’ म्हणतात आणि पुढचं सगळं नाट्य त्याच्याभोवती घडलं.

पहिलं कार्ड इचिरो सुझुकीचं, बेन बॉलरने केलेलं. त्याच्या प्रती निघाल्या तेराशेच्या आसपास. सुरुवातीची बरीचशी कार्डं अशीच हजार-दीड हजारांत आटोपली. फारसं कुणी विचारत नव्हतं.

मग मार्चमध्ये कोविड आला. बेसबॉलचा हंगाम २६ मार्चला सुरू व्हायचा होता, तो लांबणीवर पडला आणि सुरू झाला थेट २३ जुलैला, तोही १६२ ऐवजी ६० सामन्यांचा. मधले चार महिने खेळ नाही, कुठे जाणं नाही, लोक घरात, हातात फोन, आणि अनेकांच्या खात्यात सरकारने पाठवलेले १२०० डॉलर. लोकांनी जुने छंद उकरून काढले. कुणाच्या तरी ध्यानात आलं की फेब्रुवारीतल्या त्या विचित्र कार्डांच्या प्रती फारच कमी आहेत. दर चढायला लागले. २० डॉलरची सुरुवातीची कार्डं शेकडो डॉलरला जाऊ लागली, काही त्याच्याही पुढे.

इथून पुढचा खेळ समजायला आपल्या नाशिकच्या कांद्याइतकं चांगलं उदाहरण नाही. यंदा भाव चढला म्हणून सगळे कांदा लावतात, आणि सगळ्यांनी लावला म्हणून पुढच्या खेपेला भाव पडतो. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. कार्डांचंही तेच झालं, फक्त हंगाम सहा महिन्यांऐवजी दोन दिवसांचा. मागचं कार्ड पाचशेला गेलं म्हणून लोकांनी आजच्या कार्डाच्या दहा-दहा प्रती मागवल्या. कंपनीने वरची मर्यादा घातलेली नव्हतीच, जितके मागतील तितके छापायचे होते. त्यात आणखी एक मेख होती. कार्ड हातात यायला आठवडे लागत, तोपर्यंत लोक न मिळालेलं कार्ड ऑनलाइन विकून मोकळे होत. माल कुणी पाहिलेला नाही, आणि व्यवहार तिसऱ्या हातात गेलेला.

केन ग्रिफी ज्युनिअरचं कीथ शोरने केलेलं कार्ड या लाटेच्या माथ्यावर आलं. प्रती निघाल्या ९९,१७७. तीन महिन्यांपूर्वी जी गोष्ट तेराशे लोकांना हवी होती, ती आता जवळजवळ एक लाख. आकडा जाहीर झाला आणि हवा गेली. एक लाख प्रतींना एक लाख खरे चाहते नव्हते, बहुतेक सगळे विकणारेच होते. उन्हाळ्यातच दर कोसळले, पुढच्या कार्डांच्या ऑर्डरी पुन्हा काही हजारांवर आल्या, आणि बरीच कार्डं मूळ २० डॉलरच्याही खाली मिळू लागली.

गंमत अशी की ज्या दिवशी सगळे ‘संपलं’ म्हणाले, तिथून आमच्यासारख्यांचं सुरू झालं. दर चढत असताना त्या कार्डाकडे चित्र म्हणून बघणं शक्यच नव्हतं, प्रत्येक चर्चा आकड्यांची होती. दर पडल्यावर उरलं ते फक्त चित्र. सात-आठ डॉलरला मिळणारी गोष्ट विकत घेण्याचं एकच कारण राहतं, ती आवडणं.

मूळ कार्ड नव्याने दिसतं

मला पहिल्यांदा जोशुआ व्हाईड्सची कार्डं आवडली. हा माणूस एरवी बूट, मोटारी, खोल्या पांढऱ्याफटक करतो आणि त्यांच्या कडा जाड काळ्या रेषेने आखतो, जणू वस्तू अजून कागदावरच आहे. तीच रीत त्याने कार्डांवर वापरली. रंग काढून टाकला की कार्डाची मांडणी उघडी पडते. नाव कुठे आहे, चेहरा किती जागा खातो, चिन्ह कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सगळं. मी वर्षानुवर्षं १९५५ ची कार्डं बघत आलो होतो, पण त्या आडव्या कार्डावर एक मोठा चेहरा आणि शेजारी त्याच खेळाडूची पूर्णाकृती छोटी प्रतिमा अशी जोडी का ठेवली असेल, हा प्रश्न मला पूर्वी पडला नव्हता. टॉप्सचा तो पहिला आडवा संच. उभ्या कार्डात चेहरा आणि खेळ दोन्ही नीट मावत नव्हते. १९५४ मध्ये त्यांनी मोठ्या रंगीत चेहऱ्याशेजारी छोटा कृष्णधवल फोटो बसवून बघितला होता, पुढच्या वर्षी कार्डच आडवं केलं.

वीस जणांनी एकच कार्ड केलं की हे वारंवार होतं. प्रत्येक जण मूळ कार्डातलं काहीतरी ठेवतो आणि काहीतरी टाकतो. मार्क मॅग्वायरचं १९८७ चं कार्ड घ्या. त्या वर्षीच्या सगळ्या कार्डांना लाकडी फळीसारखी किनार होती. जंक वॅक्सच्या ऐन भरातला संच, पैशाच्या दृष्टीने किंमत जवळजवळ शून्य. पण त्या वर्षी दहा वर्षांचा असलेल्या कुठल्याही अमेरिकन माणसाला ती लाकडी नक्षी अर्धा इंच दाखवा, तो ओळखेल. कलाकारांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातले बरेच जण त्याच वयोगटातले.

किंवा फ्रँक थॉमसचं १९९० चं कार्ड. त्यात तो अजून व्यावसायिक संघाच्या गणवेशातसुद्धा नाही, ऑबर्न विद्यापीठाकडून खेळणारा पोरगा आहे. या कार्डाच्या काही प्रतींवर छपाईतल्या गडबडीमुळे पुढच्या बाजूचं नावच आलं नाही. सर्वसाधारण प्रत काही डॉलरची, बिननावाची प्रत हजारो डॉलरची. मरियानो रिवेराचं १९९२ चं कार्ड तर त्याहून मजेशीर. ते टॉप्सच्याच मालकीच्या बोमन या नावाखाली निघालं आणि त्यात रिवेरा घरातून बाजाराला निघाल्यासारखा साध्या कपड्यांत उभा आहे. पुढे जो न्यूयॉर्क यांकीजचा आणि एकूणच बेसबॉलचा सामन्याच्या शेवटी उतरणारा सर्वांत भरवशाचा गोलंदाज ठरला, त्याची ही पहिली छबी. (गोलंदाज हा शब्द इथे चालवून घ्या. पिचर आणि बोलर यांच्यातला फरक समजावायला वेगळा लेख लागेल.) असल्या कार्डाला ‘पवित्र’ मानून हात लावू नका म्हणणं जरा अवघडच आहे.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते रॉबेर्तो क्लेमेंतेने. पोर्तो रिकोचा हा खेळाडू पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला, बरोबर ३००० हिट्सवर (हिट म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं) थांबला, कारण १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. प्रोजेक्टमध्ये त्याचं १९५५ चं पहिलं कार्ड होतं, हिरव्या पार्श्वभूमीचं, आणि त्यावर नाव आहे ‘रॉबेर्तो’. १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्सने त्याच्या कार्डांवर ‘बॉब क्लेमेंते’ असं छापलं. त्याला ते नाव पसंत नव्हतं. अमेरिकन कानाला सोपं जावं म्हणून नाव बदललं गेलं, इतकंच.

म्हणजे जे ‘मूळ’ कार्ड म्हणून आम्ही उराशी धरतो, त्यातही कुणीतरी खेळाडूला आपल्या सोयीने पुन्हा घडवलेलं असतंच. टॅटूवाल्या कलाकाराने त्याच्या नावाची अक्षरं आपल्या शैलीत वळवली तर त्यावर आक्षेप घ्यायचा, आणि कंपनीने तेरा वर्षं त्याचं नावच बदललं ते ‘अस्सल’ म्हणून जपायचं, याचा मेळ मला लावता येईना.

चित्र तर पहिल्यापासून होतंच

‘कार्ड म्हणजे फोटो, चित्र नव्हे’ हा जुन्या मंडळींचा दुसरा आक्षेप. तो तर इतिहासापुढे टिकतच नाही. १९५२ चा तो पूजनीय संचच कृष्णधवल फोटोंवर रंग चढवून केलेला आहे. खेळाडूंचे गाल गुलाबी, आकाश एकसारखं निळं, ते त्यामुळे. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, टॉप्सने फोटोचा आधार घेऊन सरळ चित्रंच काढून घेतली. छोट्या आकाराची रंगवलेली पोर्ट्रेट, तीच कार्डांवर छापली. आज संग्राहक १९५३ च्या संचाबद्दल बोलताना हळवे होतात, आणि त्याच दमात प्रोजेक्ट २०२० ला ‘कलाकारांचा धुडगूस’ म्हणतात.

त्यानंतरही चित्रं थांबली नाहीत. १९८२ पासून डॉनरस कंपनीने आपल्या संचात ‘डायमंड किंग्ज’ नावाची कार्डं सुरू केली, डिक पेरेझ या चित्रकाराने रंगवलेली. पाकीट फोडून डायमंड किंग निघाला की ऐंशीच्या दशकातला मुलगा तो वेगळा काढून ठेवायचा. टॉप्सची स्वतःचीही एक वात्रट बाजू होतीच: ‘मार्स अ‍ॅटॅक्स’ची भयानक मंगळवासी कार्डं १९६२ ची, ‘गार्बेज पेल किड्स’ची किळसवाणी स्टिकर १९८५ ची. प्रोजेक्ट २०२० मधल्या काही चित्रांचे खरे पूर्वज बेसबॉलपेक्षा या किळसवाण्या पोरांत शोधले पाहिजेत.

चेहऱ्याचा मालक कोण?

एक प्रश्न मला बरेच जण विचारतात: हौशी चित्रकार स्वतःहून अशी कार्डं पूर्वीपासून करत नव्हते का? करत होते. जुनी स्वस्त कार्डं कापून, रंगवून, कोलाज करून विकणारे लोक अमेरिकेत भरपूर आहेत. मग टॉप्सच्या शिक्क्याने एवढा फरक काय पडला?

फरक परवानगीचा. एका बेसबॉल कार्डात तीन वेगवेगळे हक्क गुंतलेले असतात. कार्डाची रचना टॉप्सची. टोपीवरचं चिन्ह आणि संघाचं नाव मेजर लीग बेसबॉलचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचं. चेहरा आणि नाव खेळाडूचं, म्हणजे खेळत असेल तर खेळाडूंच्या संघटनेमार्फत, निवृत्त असेल तर त्याच्याशी आणि हयात नसेल तर वारसांशी करार करून. तिन्ही एकत्र जमले तरच कायदेशीर कार्ड होतं. म्हणूनच परवाना नसलेल्या कार्डांवर खेळाडूच्या टोपीवरचं चिन्ह पुसलेलं दिसतं.

यातला तिसरा हक्क, म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याचा व्यापारी वापर कोण करणार हे ठरवायचा, अमेरिकन कायद्यात नावारूपाला आला तोच मुळी टॉप्सच्या भांडणातून. १९५३ साली हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स या खटल्यात न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी ‘राइट ऑफ पब्लिसिटी’ हा शब्दप्रयोग वापरला. हेलन ही बोमन कार्डांमागची कंपनी. दोन्ही गमवाले एकाच खेळाडूच्या चेहऱ्यासाठी भांडत होते. आज चित्रपटतारे आपला चेहरा न विचारता जाहिरातीत वापरला म्हणून कोर्टात जातात, त्या वाटेवरचा एक मोठा मैलाचा दगड बबलगमच्या पाकिटातला आहे. पुढे १९५६ मध्ये टॉप्सने बोमनच विकत घेतली आणि १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या उतरेपर्यंत मैदान जवळजवळ एकट्याने खाल्लं.

चित्रकाराला यातून काय मिळालं? रस्त्यावर ग्राफिटी करणाऱ्या किंवा टॅटू काढणाऱ्या माणसाला रॉबिन्सनचा चेहरा, त्याच्या डॉजर्स संघाचं चिन्ह आणि १९५२ ची रचना या तिन्हींना उजळ माथ्याने हात लावता आला. हे पूर्वी फारच थोड्यांना मिळालं होतं.

आवडलेली आणि न आवडलेली

चारशेची चारशे चांगली आहेत असं म्हणणाऱ्याने ती पाहिलेली नसणार. एकाच माणसाला वीस कार्डं करायला लावली की पाच-सहांनंतर शैलीची युक्ती होते. जे कलाकार प्रत्येक खेळाडूला आपला तोच साचा लावत गेले, त्यांची पहिली चार कार्डं बघितली की पुढची सोळा डोळे मिटून सांगता येतात. बेन बॉलरचा झगमगाट मला आवडत नाही. हिरे आणि सोनं ही त्याची भाषा आहे हे मान्य, पण बॉब गिब्सन या पिचरसारख्या करड्या माणसाला ती शोभत नाही. बाजारात मात्र सुरुवातीला सर्वांत जास्त मागणी त्याच्याच कार्डांना होती, तेव्हा माझं मत किती धरायचं ते बघा.

कीथ शोरची कार्डं उलट. पहिल्या नजरेला लहान मुलाने काढल्यासारखी, सपाट रंग, बाहुल्यांसारखी माणसं. ती लाख प्रतींची ग्रिफी ज्युनिअरची भानगड त्याच्या माथी बसली, त्यामुळे संग्राहकांत त्याचं नाव ‘स्वस्त’ झालं. चित्रकाराचा यात काय दोष? शोरच्या कार्डांत मला खेळाची जी निरागस हौस दिसते ती बाकी बऱ्याच जणांत दिसत नाही. शिवाय लाखभर प्रती असल्यामुळे ते ग्रिफीचं कार्ड कुणालाही परवडतं.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, टॉप्सच्या कार्डांना ७० वर्षं झाली म्हणून ‘प्रोजेक्ट ७०’ निघाला. या वेळी ५१ कलाकार, रॅपर स्नूप डॉगसकट. प्रत्येकाने वीस कार्डं, म्हणजे हजाराच्या वर. आणि मोकळीक अशी की कुठलाही खेळाडू घ्या, सत्तर वर्षांतली कुठलीही रचना घ्या. मला वाटतं इथेच ते फसलं. पहिल्या खेपेची मजा बंधनात होती: सगळ्यांना तीच वीस कार्डं, त्यामुळे तुलना करता यायची. मोकळीक मिळाल्यावर जो तो आपल्या लाडक्या खेळाडूकडे गेला आणि शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखं काही उरलं नाही. सुटी सुटी कार्डं छान आहेत, संच म्हणून त्यांना आकार नाही. त्यानंतर २०२२ च्या सुरुवातीला फॅनॅटिक्स या कंपनीने टॉप्सचा कार्ड व्यवसाय सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतला.

भारतात टॉप्सचं नाव कुणाला आठवत असेल तर ते आयपीएलच्या ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डांमुळे. ती खेळायची कार्डं होती, त्यांचा या भानगडीशी संबंध नाही. पण परदेशातल्या आपल्या लोकांपैकी कुणाला प्रोजेक्ट २०२० ची कार्डं घ्यावीशी वाटली तर दोन-तीन गोष्टी सांगतो. साध्या कार्डावर क्रमांक नसतो, किती प्रती आहेत ते टॉप्सने जाहीर केलेल्या आकड्यांवरून बघायचं. चंदेरी चौकटीच्या, २० प्रतींच्या ‘आर्टिस्ट प्रूफ’चा हिशेब वेगळा, तो पैसेवाल्यांचा प्रांत. ग्रेडिंगच्या, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून १० पैकी गुण मिळवलेल्या प्रतीसाठी जास्त पैसे मोजू नका. ही कार्डं कारखान्यातून निघाली तीच चुंबकाने बंद होणाऱ्या जाड प्लास्टिकच्या धारकात, कुणी सायकलच्या चाकात अडकवली नाहीत, त्यामुळे बहुतेक सगळीच कोरी आहेत. आणि धारकावरचं टॉप्सचं सील शाबूत आहे म्हणून वर पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. सील फोडल्याशिवाय कार्ड हातात घेता येत नाही.

मी सध्या फक्त क्लेमेंतेची वीस जमवतो आहे. एकाच खेळाडूचं एकच कार्ड वीस जणांकडून, हा संच मला चारशेच्या पूर्ण संचापेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो, खर्चही आवाक्यात राहतो. अडचण एवढीच की संच म्हटल्यावर वीसच्या वीस लागतात, आणि त्यात बेन बॉलरचंही एक आहे.